जुन्या कोडचं वेगळं बिऱ्हाड

४ जानेवारी
आजपासून रोजनिशी लिहिणार. रोज. कोणाला दाखवायला नाही, स्वतःसाठी. मोठी माणसं सुरुवातीपासून काही लिहून ठेवत नाहीत आणि मग पुढे पंचाईत होते.

आज मीटिंग. साहेब जूनअखेर रिटायर होणार, हे शेवटी त्यांनीच सांगितलं. म्हणजे मेमरी विभागाला नवा प्रमुख लागणार. मी खोलीभर नजर फिरवली. लायक माणूस एकच दिसला, तोही समोरच्या काचेत.

साहेबांनी लगेच मला काम दिलं. (सूचक.) मेमरी मोजणारा जुना कोड नव्यापासून वेगळा करायचा. प्रमुखाला सगळ्यांना सोप्या शब्दांत समजावता आलं पाहिजे, म्हणून स्वतःलाच समजावून पाहतो. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा अगदी आतला गाभा. कोणता प्रोग्राम किती मेमरी खातोय यावर तो लक्ष ठेवतो. हे लक्ष ठेवायची एक जुनी पद्धत आहे आणि एक नवी. दोघी सासू-सुनेसारख्या वर्षानुवर्षं एकाच फाइलमध्ये नांदताहेत. आता सासूला वेगळं बिऱ्हाड करून द्यायचं आणि दाराशी एक स्विच लावायचा. ज्याला जुनं हवं असेल त्याने चालू करावं. जमलं समजावायला.

साहेब म्हणाले की फक्त हलवायचं, सुधारायचं काहीही नाही, एक स्वल्पविरामसुद्धा नाही. मी मान डोलावली.

अंदाज: एक आठवडा. साहेबांना दोन सांगितले. लवकर संपवलं तर नाव होतं.

५ जानेवारी
फाइल उघडली. मोठी आहे. बंद केली. उद्या ताज्या डोक्याने.

९ जानेवारी
मधले दिवस विचार चालू होता. विचार लिहून ठेवता येत नाही.

आज कात्री टेबलापाशी आली. कात्री म्हणजे आमच्याच विभागातली, माझ्याएवढ्याच वर्षांची बाई. कोणाचाही कोड तपासायला घेतला की अर्धा कापून परत करते, म्हणून हे नाव मी ठेवलं. तिला ते आवडलं, याचा मला त्रास झाला. तीही प्रमुखपदाच्या शर्यतीत आहे, असं दोघंतिघं म्हणतात. बिचारी. मला म्हणाली की छोटे छोटे तुकडे करून पाठव, आणि हलवताना काही दुरुस्त करावंसं वाटलं तर उठून पाणी पी. मी बघू म्हटलं. पोटातली जळजळ सल्ल्यातूनही कळते माणसाची.

१४ जानेवारी
नवी युक्ती. सगळी फाइल कागदावर छापली आणि घरी आणली. हॉलमध्ये जमिनीवर पसरली. जुनी पद्धत लाल पेन्सिलने रंगवायची, नवी निळ्याने. दोघींच्या वापरातली ओळ असेल तर जांभळ्याने. लेक कॉलेजातून आली, कागदांवर पाय न देता भिंतीला चिकटून स्वयंपाकघरात गेली. हिने विचारलं की हे किती दिवस. म्हटलं, आजचा दिवस.

१९ जानेवारी
जांभळी पेन्सिल संपली. दुसरी आणली.

२२ जानेवारी
जांभळी पेन्सिल संपली. लाल आणि निळी अजून टोक केल्यासारख्या. दुकानदाराने विचारलं की घरी लहान मूल आहे का. हो म्हटलं, उगाच कशाला खोलात जा.

बायको दातांची डॉक्टर आहे. कागदांकडे बघून म्हणाली की किडलेला दात काढताना शेजारच्या दाताला धक्का लावायचा नसतो, एवढंच तर आहे. मी म्हटलं की दात आणि कर्नल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिने विचारलं, काय फरक? आत्ता वेळ नव्हता.

२ फेब्रुवारी
दोन आठवड्यांचा अंदाज मूळ कामाचा होता. त्यात तयारी धरली नव्हती. साहेबांना तसं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांना पटलं असावं.

आज जुन्या कोडमध्ये एक विचित्र फंक्शन, म्हणजे एका कामापुरत्या ओळी, सापडलं. नाव 'खरंच तपास'. वर लिहिलेलं: हे का लागतं माहीत नाही, काढलंत तर रडाल. ज्याने लिहिलं तो केव्हाच नोकरी सोडून गेला, आता कुठेतरी मधमाश्या पाळतो. नंबर मिळवून फोन केला. ओळख सांगितली, फंक्शनचं नाव सांगितलं. तो म्हणाला, ते अजून चालू आहे? पुढे नुसती माश्यांची गुणगुण. मग निघायला हवं म्हणाला. पुन्हा लावला तर फोन बंद. खेड्यापाड्यात रेंज नसते.

'खरंच तपास' आहे तसंच उचलून ठेवलं. घाबरून नाही. शिस्त म्हणून.

११ फेब्रुवारी
झालं! सगळा जुना कोड एका दमात नव्या फाइलमध्ये नेला आणि एकच भला मोठा पॅच, म्हणजे बदलांचा गठ्ठा, करून पाठवला. कात्री तपासणार. दुपारी दीडला पाठवला, एक बत्तीसला उत्तर. उत्तर एका शब्दाचं: तुकडे.

वाचलासुद्धा नाही! साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले की तुकडे कर.

२८ फेब्रुवारी
तुकडे करतोय. प्रत्येक तुकडा आपल्या पायावर उभा राहिला पाहिजे, म्हणजे तेवढाच लावला तरी कॉम्प्युटर चालला पाहिजे. पाचवा तुकडा नवव्याशिवाय चालत नाही, नववा पाचव्याशिवाय. दोघांना एकत्र केलं तर तिसरा रुसतो. एका पुरणासाठी दहा घरं, म्हणतात ना, तसं काहीतरी. म्हण नक्की आठवत नाही, पण भावना तीच.

३ मार्च
आज एक छोटीशी गोष्ट केली. इथे लिहितो, बाकी कुठे लिहायची गरज नाही.

जुनी पद्धत मेमरी एकेक पान (मेमरीच्या छोट्या तुकड्याला पान म्हणतात) मोजत नाही. वेळ वाचावा म्हणून मुठीमुठीने मोजते, दुकानदार खिळे मोजतो तशी. त्यामुळे तिचा आकडा नेहमी थोडा जास्तच येतो. इतकी वर्षं चुकीचा आकडा सांगत बसली आहे आणि कोणाला पत्ता नाही! एका ओळीचं काम होतं. केलं. आता आकडा बरोबर येतो.

साहेब सुधारू नको म्हणाले होते, मान्य. पण घर बदलताना गळका नळ कोणी सोबत नेतं का? नेत नाही.

४ मार्च
कात्रीचा प्रश्न आला: या तुकड्याने वागण्यात काही बदल होतो का? हो किंवा नाही.

मी लिहिलं: नाही. चुकीचं बरोबर करणं हा बदल नव्हे. तिने पुन्हा विचारलं, नक्की? मी लिहिलं: नक्की. संशय हा काही लोकांचा स्वभावच असतो.

२० मार्च
सगळे तुकडे मंजूर! ऑफिसात सगळ्यांना कॉफी पाजली. साहेबांनी हात मिळवला. कात्रीने अभिनंदन केलं आणि चार नंबरच्या तुकड्यातली एक रिकामी ओळ कापायला सांगितली.

संध्याकाळी साहेबांच्या केबिनमध्ये कोणी नव्हतं. टेपने मोजमाप घेतलं. घरचा छोटा सोफा बसतो, फक्त मग दार पूर्ण उघडत नाही. येणाऱ्याने जरा तिरकं व्हावं. प्रमुखाकडे येताना तेवढा आदर हवाच.

घरी येऊन हिला सांगितलं की जुलैपासून मी प्रमुख. तिने विचारलं की साहेब तसं म्हणाले का. म्हणावं लागत नाही, हात ज्या पद्धतीने मिळवला त्यावरून कळतं.

८ एप्रिल
नवी आवृत्ती ट्रायलसाठी बाहेर गेली. बऱ्याच कंपन्यांनी घेतली. एकही तक्रार नाही.

दुपारी ३. अजूनही नाही.

१५ एप्रिल
जेवताना ही वैतागलेली. क्लिनिकमध्ये पेशंट वेळेवर येतच नाहीत. क्लिनिक पाचव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये पाचचं बटण दाबलं तरी लिफ्ट नवव्याला नेऊन सोडते. नवव्याला विम्याचं ऑफिस आहे. आज दाढ ठणकणारे एक आजोबा तास उलटून गेल्यावर आले, गाल सुजलेला आणि हातात विमा पॉलिसी. तिथल्या लोकांनी बसवून पाणी दिलं, गोड बोलले, आजोबांना नाही म्हणवेना म्हणे.

मी म्हटलं की लिफ्टची देखभाल करणारे लोक अलीकडे फार निष्काळजी झालेत. आपलं काम चोख करणारा माणूस दुर्मीळ. तिने भाजी पुढे सरकवली. तिलाही पटलं.

१९ एप्रिल
आज हिच्याकडे फक्त दोन पेशंट. एकजण अकराव्या मजल्यावरच्या नाचाच्या क्लासला पोचला होता आणि तिथे त्याने नाव घातलं. लेकीला हसू आवरेना. मी तिला दटावलं. आईच्या धंद्याचा प्रश्न आहे.

२१ एप्रिल
लिफ्ट कंपनीच्या माणसाची मेल. लिफ्टमधल्या कॉम्प्युटरवर आमची ट्रायल आवृत्ती टाकल्यापासून लिफ्ट 'कालच्या लोकांना घेऊन जाते' म्हणे. उत्तर दिलं नाही. असल्या मेलना उत्तर दिलं की लोक सोकावतात.

२३ एप्रिल
त्याची दुसरी मेल. लांबलचक. अर्धी मेल त्याच्या अनुभवाबद्दल, त्याने कोणकोणत्या उंच इमारती चालवल्यात त्याबद्दल. मुद्दा शेवटी. त्यांचा प्रोग्राम दिवसभर मेमरी भरत राहतो, रिकामी कशी करायची ते त्यांना कधी जमलंच नाही. म्हणून एक रेष ठरवली आहे. जुन्या मोजणीचा आकडा रेषेला लागला की प्रोग्राम पहाटे आपणहून बंद होऊन चालू होतो आणि ताजा होतो. आता आकडाच रेषेला लागत नाही. प्रोग्राम ताजा होत नाही, आणि लिफ्टला काल दाबलेली बटणं आठवत राहतात.

मला हसूच आलं. त्यांची रेष चुकीच्या आकड्यावर बेतलेली. आता आकडा बरोबर झाला तर यांचं अडलं! तसं कळवलं. सभ्य भाषेत.

२४ एप्रिल
त्याचं उत्तर: साहेब, तुमच्या बरोबर आकड्याने माझी लिफ्ट चालत नाही.

गाढवापुढे वाचली गीता.

२५ एप्रिल
जेवताना सहज विचारलं की तुमच्या इमारतीची लिफ्ट कोणत्या कंपनीची. हिने सांगितलं.

भूक नव्हती. उठलो.

२६ एप्रिल
सकाळपासून परिस्थितीचा शांतपणे विचार केला. योगायोग असू शकतो. शहरात लिफ्ट पुष्कळ.

दुपारी लिफ्टवाल्याला मेल करून त्या इमारतीचं नाव यादीत आहे का विचारलं. पहिलंच आहे.

हिला सांगायची घाई नको. आधीच तिच्यावर ताण आहे. शिवाय ही फार तांत्रिक बाब आहे.

२७ एप्रिल
हिला कळलं. लेकीने सांगितलं. लेकीला कसं कळलं तर मी लिफ्टवाल्याची मेल हॉलमध्ये मोठ्याने वाचत होतो म्हणे. मला विचार करताना बोलायची सवय आहे.

हिने आवाज चढवला नाही, हे वाईट लक्षण. एवढंच विचारलं की सुधारू नको म्हणून कोणी सांगितलं नव्हतं का. मी गळक्या नळाचं सांगायला घेतलं. ती म्हणाली की तू शेजारचा दात हलवलास. मग दोन्ही हात टेबलावर ठेवून म्हणाली की जोपर्यंत लिफ्ट सुधारत नाही तोपर्यंत तू खाली उभं राहायचंस.

२९ एप्रिल
रजा टाकली. हिच्या इमारतीच्या तळमजल्यावर उभा होतो. हातात पुठ्ठ्याची पाटी: दातांचे पेशंट जिन्याने. जांभळ्या पेन्सिलने लिहिली होती. उरली होती एक.

पेशंटला हाताला धरून पाच मजले चढायचं, सोडायचं, उतरायचं. एका आजींना तिसऱ्या मजल्यावर दम लागला. पायरीवर बसून त्यांनी विचारलं की तुम्ही इथले वॉचमन का. म्हटलं, नाही, कर्नलमध्ये आहे. त्यांनी पदर सावरला आणि आमचे हेही लष्करात होते म्हणाल्या. मग उरलेले दोन मजले माझा फारच मान ठेवला.

एकूण फील्ड स्टडी म्हणून उपयुक्त दिवस. वापरणाऱ्यांच्या समस्या प्रमुखाला जवळून माहीत हव्यात.

३० एप्रिल
गुडघे.

२ मे
ऑफिसात सरळ कात्रीकडे गेलो. मार्चमधली माझी ती एक ओळ काढून टाकायचा पॅच ठेवला, वर नुसतं लिहिलं: पूर्ववत. वाटलं होतं, गुपचूप होऊन जाईल.

तिने वाचलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा वाचलं. म्हणाली की मार्चमध्ये तू बदल नाही म्हणाला होतास. मी म्हटलं की तत्त्वतः नव्हताच. ती म्हणाली की मग तत्त्वतः पूर्ववतही करायची गरज नाही. शेवटी तिने पॅच परत दिला. चुकीचा आकडाच का हवा, हे नीट, पूर्ण वाक्यांत, पुढच्या माणसाला समजेल असं लिहून आण म्हणाली.

५ मे
चुकीच्या आकड्याच्या समर्थनार्थ तीन परिच्छेद लिहिले. आयुष्यात इतकं मन लावून क्वचितच काही लिहिलं असेल. वाचून मलाच पटलं की बरोबर आकडा हा जगाच्या पाठीवरचा सर्वांत धोकादायक प्रकार आहे. कात्रीने एक परिच्छेद कापला आणि मंजूर केलं.

तिने साहेबांना सांगितलं नाही. का, ते कळलं नाही. काहीतरी डाव असणार.

९ मे
लिफ्ट पाचव्याला पोचते. पेशंट परत आले. हिने रात्रीच्या जेवणाला वाढताना माझ्या पानाकडे बघून अजून हवं का विचारलं. एवढंच. पण फार बरं वाटलं. नाचाच्या क्लासवाला मात्र क्लास सोडायला तयार नाही.

२१ मे
मोठा शोध! कोणती ओळ कोणी लिहिली हे दाखवणारं एक टूल आहे. आज सहज जुन्या कोडच्या वेगळ्या केलेल्या फाइलवर चालवलं. वरपासून खालपर्यंत प्रत्येक ओळीसमोर माझं नाव! मधमाश्यावाल्याचं नाव गेलं. त्याच्याआधीच्यांची गेली. जो हलवतो त्याचंच नाव लागतं. हजारो ओळी! मुठीने मोजायची ती चूक, तीसुद्धा आता माझ्या नावावर. 'काढलंत तर रडाल' हेही मीच म्हटलंय.

विभागात एवढ्या ओळी एकाही माणसाच्या नसतील. डोळे भरून आले.

२८ मे
लोकांचं माझ्याकडे बघणं बदललंय. कोणाला जुन्या मेमरीत काही गडबड दिसली की टूल चालवतात आणि थेट माझ्याकडे येतात. आज सात मेल. त्यातली एक गडबड मी शाळेत होतो तेव्हाची. शेवटी काय, माणसं विश्वासाने येतात. सातांपैकी एकालाही उत्तर देता आलं नाही, पण विश्वास महत्त्वाचा.

४ जून
आजचा दिवस सोन्याचा.

मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं की त्यांच्यानंतर जबाबदाऱ्या कशा वाटायच्या. सगळे टेबलाकडे बघत बसले. मी उभा राहिलो. म्हटलं, वशिला नको, वय नको, गोड बोलणं नको. टूल काय म्हणतं ते बघा. ज्याच्या ओळी जास्त, जबाबदारी त्याची. हा सूर्य, हा जयद्रथ!

कात्रीने विचारलं की विभागभर मिळून मोजायच्या की प्रत्येक फाइलच्या वेगळ्या. माझी ती फाइल तर नखशिखांत माझी. म्हटलं, फाइलवार! अगदी काटेकोर फाइलवार! तिने विचारलं, नक्की? पुन्हा तोच प्रश्न. या वेळी तिचा आवाज जरा मऊ होता. हरणाऱ्याचा होतोच.

साहेबांनी चष्मा पुसला आणि उत्तम सूचना म्हणाले. लेखी मागितली. मी तिथल्या तिथे लिहून, सही करून दिली.

६ जून
सोफा उचलायला दोन माणसं ठरवली, एक जुलैसाठी. ही म्हणाली की आधी निकाल तर लागू दे. म्हटलं, निकाल गणिताने लागतो. ती म्हणाली की तुझ्या गणिताने मागे एक माणूस नाचायला लागला.

२५ जून
निकाल.

जुनी फाइल, म्हणजे जुन्या पद्धतीची: सगळ्या ओळी माझ्या. म्हणून जुनी फाइल माझी.

नवी फाइल, म्हणजे नव्या पद्धतीची: बहुतेक ओळी कात्रीच्या. माझ्या दोन. त्यातली एक रिकामी.

साहेबांनी समजावून सांगितलं. पुढे जे काही होणार ते नव्या पद्धतीत होणार. म्हणून नव्या फाइलचा जो जबाबदार, तो विभागाचा प्रमुख. जुनी पद्धत आता वेगळी झालीच आहे, तिला काही नवं शिकवायचं नाही, फक्त कोणीतरी सोबत असावं. मी म्हटलं की हे जरा तपासून... साहेबांनी माझाच कागद पुढे केला. फाइलवार, काटेकोर, खाली माझी सही. हात दाखवून अवलक्षण.

कात्री नंतर टेबलापाशी आली. म्हणाली की मी तुला दोनदा विचारलं होतं, नक्की का म्हणून. मी अभिनंदन केलं. बोलताना घसा बसला होता, एसीमुळे.

संध्याकाळी ५. एसीमुळे नाही. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. सहा महिने मी त्या केबिनमध्ये मनातल्या मनात बसलो होतो, आणि आता तिथून उठायचं म्हणजे कुठून उठायचं तेच कळत नाही.

२६ जून
कालचं शेवटचं वाक्य भावनेच्या भरात लिहिलंय. शांत डोक्याने पाहिलं तर मीही प्रमुखच झालो आहे. जुन्या मेमरी-मोजणीचा. स्वतंत्र कारभार. हिला तसं सांगितलं. तिने विचारलं की हाताखाली किती माणसं. म्हटलं, तूर्तास मीच. ती माझ्या शेजारी येऊन बसली. टीव्ही लावला नाही. सोफेवाल्यांना नको म्हणून तिनेच फोन करून सांगितलं.

१ जुलै
माझं टेबल हलवलं. प्रिंटरच्या पलीकडे. शांत जागा आहे. प्रिंटर चालू नसतो तेव्हा.

संकल्प: जुन्या कोडचा मी असा कायापालट करीन की लोक नवा सोडून इकडे येतील. रोज एक सुधारणा. अंदाज: एक आठवडा.

३ जुलै
कात्रीची मेल, प्रमुख म्हणून पहिली: जुन्या फाइलमध्ये कोणतीही सुधारणा करू नये. स्वल्पविरामसुद्धा नाही.

१७ जुलै
नवी आवृत्ती सगळ्यांसाठी बाहेर पडली. जुन्या मोजणीचा स्विच सुरुवातीला बंद असतो, ज्याला हवं तो चालू करतो. ही बंद ठेवायची कल्पना माझीच होती, फेब्रुवारीत, तुकडे करताना. म्हटलं होतं, बघूया कोणाला या म्हातारीची गरज पडते ते.

मेलपेटी रिकामी. आवृत्ती नवी आहे. लोक हळूहळू चालू करतील.

३१ जुलै
स्विच कोणी कोणी चालू केला याची माहिती आली. एका लिफ्ट कंपनीने.

मधमाश्यावाल्याला फोन लावून पाहिला, जुन्या ओळखीने. लागला. त्याने आवाज ओळखला आणि ठेवला.

९ ऑगस्ट
सकाळी लिफ्ट कंपनीच्या माणसाचा फोन. आवाजात आनंद. त्यांच्या ऑफिसातल्या मुलांना मेमरी रिकामी करणं शेवटी जमलं म्हणे, आता रेष नको, पहाटेचं बंद-चालू नको. डिसेंबरपासून तेही नव्या पद्धतीवर जाणार. माझ्या मोजणीची आता गरज नाही, इतके दिवस त्रास दिला त्याबद्दल सॉरी म्हणाला.

मी म्हटलं की घाई करू नका. म्हटलं, नवं नवं म्हणून लोक धावतात आणि मग पस्तावतात. चालत्या गाडीला खीळ कशाला? जुनं ते सोनं. तुमचा आकडा मी जिवापाड जपलाय, एक पानसुद्धा बरोबर होऊ दिलेलं नाही. वाटल्यास स्वतः येऊन बघतो, गरज पडली तर पेशंटना जिन्याने नेतो, मला सवय आहे.

तो मग म्हणाला, विचार करून सांगतो.

निव्वळ तांत्रिक मत दिलं.